खळं नकाशावर चढवताना

आमच्या शहराची प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली, हे मला आत्याने दिलेल्या सोड्यांच्या पुडीमुळे कळलं. पुडी सोडून कागद टाकून देणार, तेवढ्यात शेवटच्या पानावरच्या जाहीर नोटिशीत आमच्या नगरपरिषदेचं नाव दिसलं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६, कलम २६. योजनेचे नकाशे कार्यालयीन वेळेत पाहण्यास उपलब्ध, हरकती व सूचना तीस दिवसांच्या आत लेखी सादर कराव्यात. मी कागदावरची तारीख पाहिली. अकरा दिवस उलटून गेले होते.

मी शाळेत भूगोल शिकवते. मुलांना दरवर्षी नकाशाचं प्रमाण, सूची आणि दिशा शिकवते. पण ज्या शहरात जन्मले, त्याचा नकाशा सरकारी भिंतीवर टांगलेला पाहायला मी कधी गेले नव्हते.

शहर कसलं, बंदराचं गाव वाढत वाढत नगरपरिषद झालेलं. एका बाजूला खाडीचं मुख, दुसऱ्या बाजूला पुळण, मध्ये कोळीवाडा. कोळीवाड्याच्या आणि पुळणीच्या मधे आमचं खळं आहे. शेतकऱ्याचं धान्य मळायचं खळं वेगळं. आमच्या खळ्यावर मासळी सुकते. बांबूच्या वलांड्यांवर बोंबील टांगतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर सोडायची, एक इकडे एक तिकडे. हे काम बाया इतक्या वेगाने करतात की बघणाऱ्याला जबडा अडकलेला दिसतच नाही, नुसती दोरी भरत गेलेली दिसते. खाली जाळी पसरून त्यावर जवळा टाकतात आणि दुपारभर खराट्याने फिरवत राहतात. कडेला जाळी दुरुस्तीला बसलेली माणसं असतात. ऑगस्टपासून मे संपेपर्यंत ही जागा सकाळपासून दिवेलागणीपर्यंत रिकामी म्हणून नसते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी नगरपरिषदेत गेले. नकाशे वरच्या मजल्यावर एका लांब टेबलावर आणि भिंतीवर लावलेले होते. प्रमाण चार हजारास एक, म्हणजे कागदावरचा एक सेंटीमीटर जमिनीवर चाळीस मीटर. कोळीवाडा सापडायला वेळ लागला नाही, पिवळ्या रहिवास विभागातली दाटी लगेच ओळखू आली. तिच्यापुढे जिथे खळं असायला हवं, तिथे तिरप्या रेघा मारलेला एक चौकोन होता. आत आरक्षणाचा, म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जागेचा, क्रमांक. सूचीत त्या क्रमांकापुढे लिहिलं होतं, 'वाहनतळ व पर्यटक सुविधा केंद्र'. आणि चौकोनाच्या लांब बाजूने बारा मीटर रुंदीचा प्रस्तावित रस्ता गेला होता.

मी पट्टी काढून मोजलं. दीड सेंटीमीटर बाय दोन सेंटीमीटर. म्हणजे साठ मीटर बाय ऐंशी मीटर, ४,८०० चौरस मीटर. अर्ध्या हेक्टरला जरा कमी. रस्ता कागदावर अवघा तीन मिलिमीटर. पण ऐंशी मीटर लांबीवर बारा मीटर म्हणजे ९६० चौरस मीटर, खळ्याचा बरोबर पाचवा हिस्सा. अंगठ्याच्या नखाखाली झाकून जाईल एवढ्या जागेत साठ-सत्तर घरांची वर्षाची मिळकत होती.

विकास योजना करण्याआधी कायद्याने शहराची पाहणी करावी लागते आणि विद्यमान भूवापराचा नकाशा तयार करावा लागतो. आज कुठे काय आहे ते आधी नोंदवायचं, मग उद्या कुठे काय हवं ते ठरवायचं. तो नकाशाही तिथेच लावलेला होता. त्यावर खळं बिनरंगाचं. सूची पाहिली: 'रिक्त जमीन'.

मी तिथल्या कर्मचाऱ्याला विचारलं, पाहणी कधी झाली होती? तो कागद चाळून म्हणाला, "त्या भागाची जुलैत."

मला एकदम सगळं उलगडलं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या खाडीच्या बाजूला ओढून झापांनी शाकारलेल्या असतात. वलांड्यांचे आडवे बांबू उतरवून घरांच्या पडव्यांत ठेवलेले असतात, नाहीतर पावसात कुजतात. खळ्यावर गुडघाभर गवत असतं. मोजणी करणारा माणूस आला, त्याने जे पाहिलं ते लिहिलं. त्याची लबाडी नव्हती. वर्षातल्या दोन महिन्यांतला एक दिवस त्याने पाहिला आणि तोच नकाशावर कायमचा उतरला.

पुढची वर्षं मी याच एका शब्दाशी भांडत राहिले. रिक्त. एकदा जागा रिक्त ठरली की तिथे काहीतरी आणणं हे ओघानेच येतं. योजनाकाराला वाहनतळासाठी जागा हवीच असते. शनिवार-रविवारी येणाऱ्या गाड्या आमच्या गल्ल्यांत अडकतात, हे खोटं नाही. त्याने नकाशावर नजर फिरवली, समुद्रालगत अर्धा हेक्टर मोकळं दिसलं, आरक्षण टाकलं. त्याच्या जागी मी असते तर मीही तिथेच बोट ठेवलं असतं.

संध्याकाळी आत्याला सांगितलं तेव्हा ती वलांडीवरून बोंबील काढत होती. हात थांबले नाहीत. म्हणाली, "मोकली कुठं हाय ती जागा? दहा महिने आमी तिथं वाकून मरतो ना."

उरलेल्या एकोणीस दिवसांत काय काय करायचं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा मी माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला घेतला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं आणि मग लक्षात आलं की माहिती द्यायची मुदत तीस दिवस आणि हरकतीचीही मुदत तीस दिवस. माहिती हातात येईपर्यंत हरकतीचा दरवाजा बंद झालेला असणार. नोटीस पुन्हा नीट वाचली. नकाशाच्या आणि अहवालाच्या प्रमाणित प्रती वाजवी किमतीत मिळण्याची सोय कलम २६ मध्येच आहे. साधा अर्ज केला, पैसे भरले, दोन दिवसांत खळ्याच्या भागाचा नकाशा आणि अहवालातली पानं मिळाली. अशा वेळी कुणी विचारलं तर मी हेच सांगते, माहिती अधिकाराच्या मागे लागू नका, आधी भाग नकाशाची प्रत घ्या.

समाजमंदिरात बैठक बोलावली. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, हंगाम जोरात होता, बहुतेक नाखवे आणि खलाशी दर्यावर. बैठकीला आल्या त्या बाया आणि चार म्हातारी माणसं. मच्छीमार सोसायटीचे चेअरमन काका म्हणाले, एक अर्ज छापून घेऊ, सगळ्यांच्या सह्या घेऊ, पाचशे अर्ज नेऊन टाकू. मला ते पटलं नाही. नगरपरिषदेतल्याच एका जुन्या कर्मचाऱ्याने मला हळूच सांगितलं होतं की एकसारख्या मजकुराचे अर्ज एकत्र बांधून त्यांचा एकच मुद्दा धरतात. शेवटी असं ठरलं की सोसायटीची एक सविस्तर हरकत द्यायची आणि ज्यांना द्यायची आहे त्यांनी स्वतःची वेगळी द्यावी, पण त्यात आपण खळ्यावर कुठे, काय, कधीपासून करतो तेच लिहावं. दुसरं काही नको.

चार रात्री मी समाजमंदिरात लिहायला बसले. एकेक बाई यायची, सांगायची, मी लिहायचे, ती अंगठा किंवा सही करायची. प्रत्येकीला आपल्या वलांडीची जागा पावलांत माहीत होती. 'पिंपळापासून बावीस पावलं, माझ्या सासूची होती, आता माझी.' कुणाची जागा कुठे संपते यावरून कधी भांडण झालेलं मला आठवत नाही, पण कुठेही कागद नव्हता. मी त्या पावलांचा कच्चा नकाशा काढत गेले. चौथ्या रात्री तो पुरा झाला, तेव्हा 'रिक्त जमीन' म्हणून रंगवलेल्या चौकोनात त्रेचाळीस नावं बसली होती.

आता आमच्या हातून झालेल्या चुकीचं सांगते, कारण तिच्यामुळेच मला हा विषय खऱ्या अर्थाने कळला.

नोटिशीत 'हरकती व सूचना' असं असतं. नुसतं नको म्हणून भागत नाही, मग कुठे ते सांगितलं तर हरकती ऐकणाऱ्या समितीला बदल सुचवणं सोपं जातं. म्हणून आम्ही एसटी स्टँडच्या मागची एक मोठी जागा सुचवली. नकाशावर तिथे एकही घर नव्हतं. हरकत टाइप करून झाली, सह्या झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारे गृहस्थ आमच्या दारात उभे. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. चप्पल काढून ओटीवर बसले. पाणी घेतलं नाही.

"बाई," ते म्हणाले, "माझ्या वाडीवर गाड्या लावणार तुम्ही?"

ती जागा म्हणजे त्यांची नारळाची वाडी होती. जुन्या योजनेत तिच्यावर बागेचं आरक्षण पडलं होतं. वीस वर्षांवर झाली, नगरपरिषदेने ना ती संपादित केली ना सोडली. मुलाला घर बांधायला परवानगी मिळाली नाही, मुलगा पनवेलला भाड्याने राहायला गेला. कर्ज काढायला गेले तर झोन दाखल्यावर आरक्षण. विकायला गेले तर गिऱ्हाईक दाखला बघून परत. कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालकाला खरेदी सूचना देता येते आणि ठरल्या मुदतीत पुढची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप सुटतं. ही मुदत पूर्वी कमी होती, २०१५ च्या दुरुस्तीने ती चोवीस महिने झाली. आबांनी कुणाच्या तरी मदतीने ती नोटीस नुकतीच दिली होती. आता कुठे मान सुटेल अशी आशा होती, आणि आम्ही नवा फास घेऊन निघालो होतो.

त्यांच्याकडे बघून मला बोलताच येईना. त्या मोजणीवाल्याने जे केलं तेच मी केलं होतं. कागदावर घर दिसलं नाही म्हणून जागा मोकळी धरली. तिथे एकशे दहा माड उभे आहेत आणि त्यांतले निम्मे आबांनी स्वतः लावलेत, हे मला गावात राहून माहीत नव्हतं असंही नाही. लहानपणी आम्ही तिथे पडलेले नारळ वेचायला जायचो. पण नकाशा समोर आला की डोळे नकाशाचेच होतात.

आम्ही ती हरकत रद्द केली. सगळ्या सह्या पुन्हा घ्यायच्या म्हणजे दोन दिवस गेले, चेअरमन काका वैतागले, पण आत्या त्यांना म्हणाली, "एकाचं काढून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायचं आसंल तर मी सही देणार नाय." तिच्यापुढे काका कधी बोलत नाहीत. मग आम्ही शहरात फिरून नगरपरिषदेच्या स्वतःच्या मालकीच्या जागा शोधल्या. वेशीवर जुन्या जकात नाक्याची जागा होती, जकात गेल्यापासून पडून. मालमत्ता पत्रकावर नाव नगरपरिषदेचं. तिथे गाड्या थांबल्या तर त्या शहरात शिरायच्याच नाहीत आणि पर्यटकांना पुळणीपर्यंत चालत किंवा रिक्षाने यावं लागेल. ही सूचना पहिल्या सूचनेपेक्षा किती तरी चांगली होती. आबा आले नसते तर ती सुचलीच नसती.

पुरावे गोळा करणं हे सगळ्यांत चिवट काम. खळ्याच्या मालमत्ता पत्रकावर धारक म्हणून महाराष्ट्र शासन. आमचा हक्क सांगणारा एकही उतारा नाही. पण सोसायटीच्या जुन्या वह्यांत खर्चाच्या नोंदी होत्या, 'खळ्यावरील ओटे दुरुस्ती', 'वलांडीचे बांबू', 'खळ्यावर माती भराव', अशा वर्षामागून वर्षं. त्या पानांच्या प्रती काढल्या. गुगल अर्थवर मागच्या वर्षांची उपग्रह चित्रं बघता येतात. डिसेंबर आणि फेब्रुवारीच्या चित्रांत वलांड्यांच्या समांतर रेघा इतक्या स्वच्छ दिसत होत्या की मोजून घ्याव्यात. ती चित्रं तारखेसह छापली. त्याच्या शेजारी जुलैचं चित्रही मुद्दाम लावलं, हिरवं, रिकामं. काही लोक म्हणाले ते कशाला देतेस, आपल्याच विरोधात जाईल. मला वाटलं, पाहणीत चूक कशी झाली ते त्या एका चित्रातूनच समजेल. भाच्यांना घेऊन ओहोटीच्या वेळी टेपने खळं मोजलं. नकाशावरच्या साठ बाय ऐंशीशी दोन-तीन मीटरच्या फरकाने जुळलं.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी हरकती दिल्या. आवक विभागातल्या बाईंनी प्रत्येक अर्जावर शिक्का मारून क्रमांक टाकला. आम्ही प्रत्येकाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. पोच नसलेला अर्ज पुढे कुणाला शोधून सापडत नाही.

सुनावणीची पत्रं आली ती नाताळच्या सुमाराला. कलम २८ खालच्या नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि नगररचनेचं किंवा पर्यावरणाचं ज्ञान असलेले जास्तीत जास्त चार नेमलेले सदस्य. सभागृहाबाहेर गर्दी होती. कुणाच्या अंगणातून रस्ता गेला होता, कुणाच्या विहिरीवर शाळा बसली होती. एक माणूस हातात सातबारा घट्ट धरून नुसता येरझाऱ्या घालत होता. आमचा नंबर दोन तासांनी आला. आम्हाला मिळाली सात-आठ मिनिटं.

मी भाषण तयार केलं होतं, ते बाजूला ठेवलं. टेबलावर आधी जुलैचं चित्र ठेवलं आणि म्हटलं, "साहेब, पाहणी या महिन्यात झाली." मग डिसेंबरचं ठेवलं. "आणि जागा ही आहे." मग त्रेचाळीस नावांचा पावलांचा नकाशा उलगडला.

नगररचनेतले एक सदस्य बराच वेळ वाकून दोन्ही चित्रं पाहत राहिले. त्यांनी विचारलं, "पण जमीन शासनाची आहे ना? तुमचा हक्क काय?"

हा प्रश्न येणार हे माहीत होतं. मी म्हटलं, आम्ही मालकी मागत नाही. वाहनतळ झाला तरी जमीन सार्वजनिकच राहणार, आणि मासळी सुकवण्याची जागा झाली तरी सार्वजनिकच राहणार. फक्त कोणता सार्वजनिक वापर, एवढंच ठरवायचं आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम २२ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांना सरकारी जमीन राखून ठेवायचा अधिकार आहे, गुरचरणासाठी, स्मशानासाठी, गावठाणासाठी, बाजारासाठी. त्या यादीत शेतकऱ्याच्या खळवाडीचंही नाव आहे. शेतकऱ्याला खळं लागतं हे कायद्याने मान्य केलंय, मासळीच्या खळ्याचं नाव तेवढं राहून गेलंय, पण 'इतर कोणताही सार्वजनिक हेतू' हे शब्द आहेत. आणि २०११ च्या सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, अधिसूचनेत तर किनाऱ्याचे नकाशे करताना मच्छीमारांच्या सामाईक जागा, जेट्टी, बर्फाचे कारखाने आणि मासळी सुकवण्याच्या जागा दाखवाव्यात असं सरळ म्हटलंय.

"ते नकाशे वेगळ्या खात्याचे," दुसरे एक सदस्य म्हणाले.

"हो, पण किनारा एकच आहे ना," आत्या मागून म्हणाली. मी तिला बोलू नकोस असं घरून बजावून आणलं होतं. समितीतल्या त्या सदस्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, बोंबील सुकायला किती दिवस लागतात? ती म्हणाली, ऊन नि वारा चांगला असला तर तीन-चार. गच्चीवर नाही का सुकवता येणार? ती म्हणाली, "गच्चीवर वारा गरम लागतो साहेब, मासली भाजते. दर्याचा वारा खालून लागायला हवा. आणि पहाटे टोपली आली की ती घेऊन तीन माळे कोण चढंल?" त्यांनी ते लिहून घेतलं. माझ्या पानभर मुद्द्यांमधलं काय लिहून घेतलं ते मला दिसलं नाही.

समितीचा अहवाल आणि त्यावरून केलेल्या बदलांची यादी प्रसिद्ध झाली, तेव्हा आमच्या आरक्षणासमोर 'मासळी सुकवण्याची जागा' असं होतं. वाहनतळ जकात नाक्यावर गेला होता. रस्ता मात्र बारा मीटरच राहिला. कोळीवाड्यात त्या रात्री वाजंत्री वाजली. मी पोरांबरोबर नाचलेही.

पुढची पायरी आम्हाला ठाऊक नव्हती. नगरपरिषद योजना शासनाला सादर करते आणि अंतिम मंजुरी शासन देतं. मंजुरी आली ती भागशः. काही भाग मंजूर, आणि ज्यांत शासनाला सारभूत स्वरूपाचे फेरबदल करायचे होते ते भाग वगळून पुन्हा हरकतींसाठी प्रसिद्ध केले. या वगळलेल्या भागांना 'ईपी', म्हणजे 'एक्सक्लूडेड पार्ट', असा क्रमांक असतो. आमचं खळं एका ईपी क्रमांकात होतं. प्रस्ताव असा की निम्मं मासळीसाठी, निम्मं पुन्हा वाहनतळ.

कलम ३१ खाली पुन्हा नोटीस, पुन्हा मुदत, पुन्हा अर्ज. या खेपेस बायांना बोलवायला त्रास पडला. 'एकदा जिंकलो ना आपण?' या प्रश्नाला माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं. एकीने स्पष्ट सांगितलं, तुझी नोकरी हाय, तुला रजा मिळते, माझा दिवस बुडतो. ती खरंच बोलत होती. दुसऱ्या सुनावणीला आम्ही सहाजणी गेलो, तीही अर्धा दिवस प्रवास करून. एकाच अधिकाऱ्यासमोर सुनावणी होती. पण पहिल्या वेळचे कागद सगळे होते, पोच होती, समितीचा अहवाल होता. आणि मी एक नवीन गोष्ट जोडली होती. नगरपरिषदेने तोवर जकात नाक्याच्या जागेवर खडी टाकून गाड्या लावायला सुरुवात केली होती. एका रविवारी दुपारी त्या अर्ध्या रिकाम्या वाहनतळाचे फोटो मी काढले होते.

अंतिम अधिसूचनेत पूर्ण चौकोन मासळी सुकवण्यासाठी राहिला. रस्ता बाराचा नऊ मीटर झाला. म्हणजे ९६० ऐवजी ७२० चौरस मीटर जाणार. पिंपळाच्या बाजूच्या सात वलांड्या त्यात येतात. ज्यांच्या त्या आहेत त्यांना इतरांनी आत सरकून जागा दिली आहे, पण पावलं पुन्हा मोजावी लागली आणि त्या दिवशी पहिल्यांदाच खळ्यावर जागेवरून आवाज चढला.

आबांचं आरक्षण मुदत संपल्यावर सुटलं. मुलगा अजून पनवेललाच आहे. माडांखाली त्यांनी एक खोली बांधायला काढली आहे.

नगरपरिषदेच्या नकाशावर आरक्षण चढलं तरी महसूल खात्याच्या दप्तरात ती जमीन अजून नुसती शासनाची आहे. ती मासळी सुकवण्यासाठी राखून ठेवण्याचा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघायला हवा, म्हणून आता तिसरा अर्ज. विकास योजना वीस वर्षांनी सुधारायची असते. तेव्हा पुन्हा पाहणी होईल, आणि ती कोणत्या महिन्यात होईल ते आपल्या हातात नसतं. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी पिंपळाखाली एकाच जागी उभी राहून खळ्याचा एक फोटो काढते आणि वहीत चिकटवते. जुलैचासुद्धा. गेल्या वर्षापासून आम्ही पावसाळ्यातही चार वलांड्यांचे आडवे बांबू उतरवत नाही. कुजले तर कुजले, सोसायटी नवे आणते.

गेल्या आठवड्यात तो तिसरा अर्ज भरायला बसले. एक रकाना होता, 'जमिनीचा सध्याचा वापर'. आत्या शेजारी सोडे निवडत होती. मी विचारलं, काय लिहू?

"काय लिवायचं? खलं," ती म्हणाली.

मी 'मासळीचं खळं' असं लिहिलं, खाली तारीख टाकली आणि अर्जाच्या दोन प्रती काढायला बाहेर पडले.